बांधावरचा देव

डाकिया, छावणीबाहेरची वस्ती
मे महिना, नोनसच्या, म्हणजे सात तारखेच्या, आदल्या सकाळी

ती. सौ. झियाताईस,
बेंदिनाचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात छावणीत नव्या कोठारासाठी खड्डा खणताहेत असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. ज्यांना ते वाचून दाखवलं असशील त्यांनाही कृपा करून सांग. काल पाव द्यायला मागच्या दाराशी गेले, तेव्हा तो खड्डा स्वतः पाहिला. शिपाई कारखान्यातल्या खिळ्यांच्या पेट्याच्या पेट्या त्यात रिकाम्या करत होते आणि वर माती चोपत होते. पहारेकऱ्याला विचारलं, तर हसून म्हणाला, की बाई, खिळे पेरतोय, पुढच्या वर्षी भाले उगवतील. मला हसू आलं नाही. सैन्य नदीपलीकडे निघालंय. एवढं लोखंड सोबत नेता येत नाही, आणि उघड्यावर सोडलं तर टोळीवाले त्याचेच भाले करतील. कापणीपर्यंत परत येणारी माणसं खिळे पुरत नाहीत.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, की पंचवीस वर्षं मी सैन्यात घालवली, तू मला खिळे शिकवू नकोस. सैन्य जातं, सैन्य येतं. सम्राट तर हल्ली माझ्या चपलेच्या तळव्याआधी झिजतात. कापणीपर्यंत परत येतो असा सेनानायकाने शब्द दिलाय ना, मग झालं. पण ताई, गेल्या थंडीत टोळीवाल्यांनी वरच्या वाडीची माणसं दोराला बांधून नेली, तीही छावणी भरलेली असताना. ती रिकामी झाल्यावर काय होईल? मला एका जागी बसवत नाही. पूल किती दिवस राहणार, ते भावोजींना विचारून कळव.

मुलांना पापा. नदी आड आली तरी तुझा लोभ अलीकडेच राहू दे.

तुझी,
बेंदिना


डॅन्यूबचा दक्षिण काठ
मे महिना, इदुसनंतर, म्हणजे पंधरा तारखेनंतर

चि. बेंदिनास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना हातातलं पीठ हातातच राहिलं. आधीच्या पत्रावरून सैन्य राहणारच असं धरून मी ह्यांना म्हटलं होतं, की आपली खेचरगाडी रिकामी का उभी आहे, द्या त्या मुकादमाच्या सासूला. आता ती बाई कोंबड्यांसकट त्यात बसून चार गावं हिंडतेय. परत आली की लगेच तुझ्याकडे पाठवते.

हे पुलाच्या चौकीवर असतात, म्हणून कळलं. वाचून हे पत्र चुलीत घाल. जूनच्या इदुसला, म्हणजे तेरा तारखेला, शेवटची तुकडी उतरली की ज्या नावांवर पूल तरंगतो त्या सोडून या काठाला ओढणार. पुन्हा बांधायच्या नाहीत. आता या काठालाच डाकिया म्हणणार आहेत म्हणे, आणि तिकडून येणाऱ्या जुन्या शिपायांना जमिनीही देणार. बाबांना सांग, मुलखाचं नावसुद्धा सोडावं लागणार नाही. त्यानेही हलले नाहीत, तर झियाने अंथरूण धरलंय, तोंड बघायचं असेल तर या, असं सांग. तुला खोटं जमत नाही हे ठाऊक आहे. लहानपणी मध मी खाल्ला आणि रडत कबूल तू झालीस. या खेपेला मात्र जमव. त्यांना सोडून तू येणार नाहीस हेही मला ठाऊक आहे, म्हणून तर माझा जीव टांगणीला लागलाय.

हे तुम्हा दोघांची वाट बघताहेत. आशीर्वाद आहेतच, ते घ्यायला समोर ये.

तुझी,
झिया


डाकिया
जूनचा पहिला दिवस

ती. सौ. झियाताईस,
सा. न. वि. वि.

गाडी पोचली. कोंबड्यांची पिसं अजून आत आहेत.

तुझ्या दोन्ही गोष्टी सांगून पाहिल्या. नव्या डाकियाचं ऐकून बाबा म्हणाले, की नाव काय, मी बकरीलाही डाकिया म्हणेन, म्हणून तिच्यावर गहू येईल का? मग तुझ्या आजाराचं सांगितलं. त्यांनी विचारलं, की कुठे दुखतंय तिचं? मी आधी पोट म्हणाले, मग डोकं. ते म्हणाले, पोरी, पाणी पी आणि बस.

मग खरं कारण निघालं. त्यांनी मला बांधावर नेलं. नोकरी संपल्यावर शेत मिळालं, तेव्हा त्यांनी आणि शेजारच्या दासियुसने मिळून पुरलेला तो गुडघाभर उंचीचा दगड. दासियुस पहिल्याच गाड्यांबरोबर नदीपलीकडे गेला. त्याच्या शेतात आता नुसतं तण आहे. तरी बाबांनी दगडाला हार घातला होता, त्याच्या फेब्रुवारीतल्या सणासारखा. म्हणाले, रोमला देवराज ज्युपिटरचं मंदिर बांधताना बाकीचे देव जागा सोडून उठले, पण हा हद्दीचा देव तेर्मिनुस उठला नाही. तो ज्युपिटरसाठी हलला नाही, मग मी एका सम्राटासाठी हलू? जिथे हा, तिथे मी.

ताई, मी त्यांचा शब्द धरला आहे. दगड उपटून गाडीत घालणार आणि पुलाची वाट धरणार. मागून शिव्या देत येतील, पण येतील. बांधाचा दगड उखडणारा आणि त्याचा बैल, दोघेही देवांच्या शापाला जातात, हे त्यांनीच मला शिकवलं. म्हणून बैलाला हात लावणार नाही. पहारीने मीच काढेन, आणि गाडी ओढायला तुझी खेचरं आहेत. शाप माझ्या एकटीवर यावा. भावोजींना विचारून तिथला पुजारी सांगून ठेव. तो शाप उतरवेपर्यंत मुलांना माझ्या अंगाशी येऊ देऊ नकोस, कितीही रडली तरी. बाबा बोलणार नाहीत कदाचित, बरेच दिवस. पण तुझ्या ओट्यावर बसून बोलणार नाहीत, एवढं मला पुरे.

मी हे केल्यावरही मला बहीण म्हणशील, एवढाच लोभ मागते.

तुझी,
बेंदिना

ता. क. दिवस ठरवला. नोनस पाच तारखेला. त्याचा दुसरा दिवस काळा, अशुभ. त्या दिवशी बाबा शेतात पाऊल टाकत नाहीत, कुठल्याच कामाला हात लावत नाहीत. मीही आजवर कधी लावला नाही. सहा जून, सकाळी.