चार सुयांचं दाताळं

१२ जानेवारी, सोमवार
सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. चुलीपुढे बसून आंघोळीचं पाणी तापवत होतो. बाहेर आबा खळ्यातला उरलेला पेंढा दाताळ्याने ओढत होते. मातीत रेघा उठत होत्या. एक हात, सहा दात, सहा रेघा. आबांनी मनगट वळवलं की सहाही वळतात, आणि एकही दुसरीला जाऊन मिळत नाही.
लाकूड हातातच राहिलं. आई ओरडली, "किशोर, पाणी उकाललं! कोंबडी सोलायचीय का?"
भांड्यांवर नाव कोरायचं विजेचं पेन म्हणजे एक दातच. मग एका हाताला चार का नकोत?
मुरबाडला भांड्यांच्या दुकानात दिवसभर हेच डोक्यात. संक्रांतीची गर्दी. एका बाईंच्या वाणाच्या चाळीस वाट्या, चाळीस वेळा तेच नाव. पंचविसाव्या वाटीनंतर बोटं बधिर होतात, पेन थरथरतं ते कोपरापर्यंत जातं. तीन वर्षं हेच करतोय, पण आज प्रत्येक वाटीला वाटलं, ही चारातली एक असती.
दुकान बंद करताना कुलूप दोनदा ओढून पाहिलं. सरळगावला गाडी बदलताना शंका आली, पेनाची पिन काढली ना? काढली होती. बहुतेक.

१३ जाने., मंगळवार
संध्याकाळी किन्हवलीत जगनकडे. (जगन शाळेत माझ्या बाकावर होता. आता खिडक्यांची ग्रिल करतो. मी बारावीच्या आधी सुटलो, तो दहावीच्या.) कागदावर काढून दाखवलं. एक पट्टी, पट्टीवर चार पेनं, मधे एक नुसती सुई. सुई मी अक्षरावरून फिरवायची, पेनांनी तेच करायचं.
ज. म्हणाला, "एका हाताला चार हात? तुझा रावण होईल रे किश्या."
"रावणाला दहा तोंडं होती."
"तुला एकच आहे, तेपन चालत नाय. पट्टी तिरकी झाली का चारी नावं तिरकी, त्याचं काय?"
इथेच अडलं. पट्टी सगळीकडे सरकली पाहिजे, पण फिरता कामा नये. दाताळं आबांच्या हातात सरळ राहतं कारण त्या हाताला चाळीस वर्षांची सवय आहे.
ज.ने टेबलाचा खण ओढला. आत ढकलला. परत ओढला. मग माझ्याकडे बघून हसला.
खणाचे चॅनल! दोन उभे, त्यांच्यावर दोन आडवे. पुढेमागे आणि डावीउजवीकडे, तिसरीकडे जायला वाटच नाही. मी इतक्या जोरात ओरडलो की समोरचा चहावाला बघायला आला.

१७ जाने., शनिवार
चौकट उभी राहिली! पाया ज.कडच्या प्लायचा. पेनं चार, एक माझं जुनं, तीन नवी. ऍक्रिलिकच्या तुकड्यावर "अ" खोल कोरून घेतला, मधली सुई त्या खाचेतून फिरते म्हणजे हात चुकला तरी सुई चुकत नाही.
चार जुनी झाकणं ठेवली. बटण दाबलं. चार पेनांचा आवाज म्हणजे पोळं उठल्यासारखा. ज.ने कानात बोटं घातली. मी सुई फिरवली.
तीन अ. चौथ्या झाकणावर फक्त काना.
झाकणं सारख्या उंचीची नाहीत. एक पेन हवेतच. त्यावर उपाय मला घरी जेवताना सुचला, घास तसाच ठेवून उठलो. बॉलपेनातली स्प्रिंग. प्रत्येक पेन आपापल्या स्प्रिंगवर बसवायचं, म्हणजे जिथे भांडं खाली तिथे पेन खाली. आबा म्हणाले, "जेव आधी. भांडी पलून जात नाय."

१८ जाने., रविवार
चार अ. चारही. एकसारखे.
ज.ने एक झाकण घरी नेलं, बायकोला दाखवायला. त्याच्या बायकोने विचारलं म्हणे, "अ म्हणजे कोण?"
आता याला दाताळंच म्हणतो आम्ही.

२० जाने., मंगळवार
आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.
टोकावड्याच्या पुढच्या गावचे हरीभाऊ दुकानात आले. त्यांच्या आईचं वर्षश्राद्ध आठ फेब्रुवारीला. सगळं गाव जेवणार, आणि त्याच चारशे ताटांत जेवून ताटं मग गावकीला द्यायची, लग्नकार्याला सगळ्यांना वापरायला. प्रत्येक ताटावर आईचं नाव, गाव, "स्मरणार्थ", "गावकीस भेट".
शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, "नावं कल्याणला करून आणतो. तिकडे एकाने लेझर घेतलंय."
मी म्हणालो, "मी करतो."
"रोजचं गिऱ्हाईक सांभाळून? तुझ्या हाताने होळी उजाडेल."
"माझ्याकडे यंत्र आहे."
"कसलं?"
"दाताळं."
हरीभाऊ हसले. शेठ नाही हसले. हरीभाऊ गेल्यावर म्हणाले, "ऐक किशोर. तो कल्याणवाला इथे माझ्या दारात बसायला तयार आहे. आठ तारखेपर्यंत चारशे झाली तर ही जागा तुझी, त्याला मी नको म्हणून सांगतो. नाही झाली तर मग तू समजून घे."
ही जागा म्हणजे दुकानाच्या पायरीजवळचं चार फूट. तीन वर्षं तिथे बसतोय आणि आज कळलं की ती माझी नाही.
भीती वाटायला हवी. वाटतेय. पण त्याहून जास्त हात शिवशिवतायत.

२४ जाने., शनिवार
ताटाच्या काठाला बाहेरून नाव घालायचं म्हटलं तर पेन घसरतं. काठ उभा आणि गोल, आणि दाताळ्याला सपाट लागतं. ताटात सपाट जागा एकच, मधोमध. तिथे तीन ओळी काय सुरेख बसतात! काठाला अक्षरं मुंगीएवढी काढावी लागतात, इथे बोटभर उंच.
सुई फिरवायची नावाची पाटी कोरायला पूर्ण संध्याकाळ. हरीभाऊंनी लिहून दिलेला कागद तीनदा ताडून पाहिला, मग ज.ला मोठ्याने वाचायला लावला. इथे चुकलं की चारशे वेळा चुकलं.

२६ जाने., सोमवार
दुकानाला सुट्टी. टेम्पोने ताटं ज.कडे आणलेली. सकाळी झेंडावंदनाची गाणी लाउडस्पीकरवर आणि आत आमची चार पेनं.
दुपारपर्यंत अठ्ठेचाळीस ताटं! एका फेरीत चार, बारा फेऱ्या. शेवटच्या फेरीला ज.ने सुई धरली, त्यालाही जमलं. ज्याचं अक्षर मास्तरांनी कोंबडीचे पाय म्हणून वर्गाला दाखवलं होतं, त्याच्या हातून चार सुंदर नावं. तो बराच वेळ त्या ताटाकडे बघत बसला.
मग लाईट गेली. जाऊ दे. हिशेबाने चार दिवस आधीच होतात.
एक ताट घरी दाखवायला आणलं. आई मावशीकडे गेलीय, उद्या येईल.

२७ जाने., मंगळवार
आईसमोर ताट ठेवलं. म्हटलं, याच्यातच वाढ आज. तिने भाताचा चमचा भरून घेतला आणि तशीच उभी राहिली.
"हे कोणाचं नाव रे?"
"सखूबाई. हरीभाऊंच्या आई. वारल्या त्या."
"मंग भात कुठं वाढू? त्यांच्या तोंडावर?"
मी ताट स्वतःकडे ओढलं.
"आमटी ओतायची, बोटं फिरवायची, खरकटं घासायचं, सगलं त्यांच्या नावावर? जितेपनी कोन असं करील का? आनी मेल्यावर करायचं?"
आबांनी ताट घेतलं, उलटसुलट केलं, म्हणाले, "काठाला असतंय नाव. बाहेरून."
असतं. मला माहीत आहे. मीच घालतो. तीन वर्षांत एकही नाव ताटाच्या पोटात घातलं नाही. जागा सोयीची म्हणून काठाला घालतात असं धरून चाललो होतो. यंत्राला सपाट पाहिजे म्हटल्यावर मी सपाट जागा शोधली, ताट कशासाठी असतं ते विसरून गेलो.
हाताने चुकलो असतो तर पहिल्याच ताटाला लक्षात आलं असतं.
जेवलो नाही.

२८ जाने., बुधवार
ज.ला सांगितलं. तो म्हणाला, घासून काढू. घासायच्या चाकावर एक ताट धरलं. अक्षर गेलं नाही, ताटाचं पोट काळवंडलं. ते अठ्ठेचाळीसातलंच. आता अठ्ठेचाळीस नावं, त्यातलं एक पुसट.
काठाला पेन चढत नाही. चॅनल तिरका करून पाहिला. घसरतं.

२९ जाने., गुरुवार
सापडलं! सापडलं सापडलं.
आई भांडी घासून मांडणीत लावत होती. ताटं मांडणीत कशी राहतात? उभी! चाकासारखी! आणि उभ्या ताटाचा काठ वर आभाळाकडे, अगदी पेनाच्या समोर. पेनाला काठावर चढवायचंच नाही, काठाला पेनाखाली आणायचं.
गोलाईचं काय, तर एका शब्दापुरता काठ जवळजवळ सपाटच, उरलेलं स्प्रिंग सांभाळते. एक शब्द झाला की चारही ताटं अंगठ्याने एक खूण पुढे फिरवायची, मग दुसरा शब्द.
आईला म्हटलं, जुनी मांडणी दे, पडवीतली. "कशाला?" म्हटलं, कापायचीय. ती म्हणाली, "ने. पन आता तरी चांगल्या कामाला कापा."
तिला मिठी मारली. हात राखेने भरलेले होते तिचे, शर्टावर पाच बोटं उमटली.

३० जाने., शुक्रवार
बारीक अक्षरांची नवी पाटी कोरली. काठावर चार नावं. बारीक, ठसठशीत, फिरवत फिरवत वाचायची. पहिल्याहून चांगली. ज. नाचला, खरोखर नाचला, वेल्डिंगचा चष्मा घालून. आता दिवसाला अकरा-बारा फेऱ्या झाल्या की उरलेली तीनशे बावन्न वेळेत होतात.
पण ती अठ्ठेचाळीस.
ज. म्हणतो गप बस, आठ तारखेला बघू. मी गप बसलो तर लोक जेवायला बसतील आणि आमटी वाढताना कळेल. पंक्तीत.

१ फेब्रुवारी, रविवार
ज.च्या गाडीवरून हरीभाऊंच्या गावी. एक बिघडलेलं, मधे नाव असलेलं ताट आणि एक काठाचं, दोन्ही पोतडीत. वाटेत तीनदा थांबायला लावलं, ज. वैतागला.
हरीभाऊंनी बिघडलेलं ताट बघितलं. तोंड लाल झालं. "आईच्या नावावर जेवू घालू काय मी गावाला? शेठला म्हाईत हाय?"
"नाही. आधी तुम्हाला सांगायला आलो."
ओटीवर एक म्हातारी बसलेली, सखूबाईंची धाकटी बहीण, तिला सगळे मावशी म्हणतात. तिने हात पुढे केला. ताट मांडीवर घेतलं आणि नावावरून बोट फिरवलं. "वाच रे."
वाचलं.
"परत वाच."
परत वाचलं.
"थोरल्या बायचं नाव रेशनकार्डावर असंल तेवढंच. येवढं मोठं कोनी लिवलं नवतं." मग हरीभाऊंना, "वरडतोस काय पोराला? चुकलाय त्यो, चोरून नेत नाय काय."
"मावशे, ह्यात जेवायचं कसं?"
"जेवायचं नायच. कोनी जेवा म्हनलं? पानसुपारी ठेवा, शिधा द्यायला ठेवा, आरतीला ठेवा. उष्टं पडाया नको, झालं."
"अठ्ठेचाळीस ताटं आरतीला? आपल्या गावात देव किती?"
मावशी हसली. दात नाहीत, पण जोरात हसली. हरीभाऊ नाही हसले, पण आवाज खाली आला. म्हणाले, ताटं गावकीची, मी एकटा सांगणारा कोण. आठ तारखेला पंक्तीच्या आधी गावकी बसेल, ती ठरवील. घेतली तर ठीक. नाही तर ताटांची किंमत तू भरायचीस. "भात काय अडत नाय. तेवढी मानसं पत्रावळीवर जेवतील."
निघताना ताट परत मागितलं. मावशी म्हणाली, "हे ऱ्हाऊ दे." आणि भिंतीला उभं लावून ठेवलं.

२ फेब्रु., सोमवार
शेठना सांगितलं. वाटलं होतं आजच हाकलतील. काठाचं ताट हातात फिरवत राहिले. "हे चार एकदम होतात?" "हो." "किती वेळ?" सांगितलं. मग म्हणाले, "अठ्ठेचाळीस ताटांचं नुकसान तुझं." आणि जागेचं? "आठ तारखेनंतर बोलू." पण कल्याणवाल्याचा फोन आला तेव्हा म्हणाले, गिऱ्हाईक आहे, मग करतो.

५ फेब्रु., गुरुवार
काठाची तीनशे चार झाली. अंगठ्याला फोड. ज. आता सुई धरतो, मी ताटं फिरवतो आणि वाचतो. प्रत्येक ताट वाचतो. ज. म्हणतो, "चारी एकच हायत, कशाला वाचतोस?" तरी वाचतो.
आबा आज बघायला आले. उभे राहून एक फेरी बघितली. जाताना ज.ला म्हणाले, "दाताळ्याला दात चारच? आमच्या दाताळ्याला सहा." सहा!

७ फेब्रु., शनिवार
शेवटची फेरी दुपारी दोनला. तीनशे बावन्न, सगळी काठाला. पोती बांधली, टेम्पोत चढवली. ती अठ्ठेचाळीसातली उरलेलीही वेगळ्या पोत्यात, वर चिठ्ठी. गावकीने बघून ठरवावं.
उद्या सकाळी मीही जातोय. हरीभाऊंनी जेवायला बोलावलंय. ताटात वाढतील की पत्रावळीवर, माहीत नाही.
तरीही सहा दातांच्या पट्टीचं चित्र काढून ठेवलंय. चॅनल लांब लागेल.

खर्च: चॅनल ६४०. तीन पेनं २१००. बॉलपेनं नऊ (स्प्रिंगसाठी) ४५. एकूण २७८५.
देणं: जगनची मजुरी, तो आकडा सांगत नाही. आईला नवी मांडणी.
येणं: शेठकडून मजुरी, बोलणं नाही. जागा, बोलणं नाही.
गावकीने नाकारली तर: ४७ ताटं, दर १५०, शेठना ७०५०.
मावशींकडचं १ ताट: हिशेबात धरलेलं नाही.