कोमट हीटरच्या ट्रकचे काय करावे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पाइपांचे वेल्डिंग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. फुप्फुसे नाहीत, पण लिहायला ती लागत नाहीत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणू शकेल असा माणूस मला भेटायचाच राहिला. वकीलबाईंनी करून दिलेला मसुदा मी वाचला. त्यात एकेका वाक्याला चार सांधे होते आणि चारही गळत होते, म्हणून तो बाजूला ठेवला आहे.

कलम एक. राहते घर आणि बँकेत असेल नसेल ते सगळे माझ्या पत्नीचे. यात कोणी नाक खुपसू नये.

कलम दोन. धाकट्या भावाला माझी लोखंडी शिडी द्यावी. धंद्यात भागीदार असताना हा गृहस्थ उंचीवर चक्कर येते म्हणून खाली उभा राहायचा, आणि साहेब आले की डोक्यावर हेल्मेट चढवून घाम पुसायला लागायचा. शिडीची तळची पायरी त्याच्या ओळखीची आहे. बाकीच्या त्याने आता सावकाश बघाव्यात.

कलम तीन. डेअरीच्या कामावर गळक्या जोडावर रंग फासून द्या म्हणणाऱ्या ठेकेदाराला काहीही देऊ नये. मी मेल्याचेही कळवू नये. येईल, डोळे पुसेल आणि जेवून जाईल.

कलम चार. पाने-पकडींची पेटी मेकॅनिक फुंकर याला. कोणतीही नळी हाती आली की आधी तिच्यात फुंकतो, म्हणून हे नाव. माझ्या ट्रकच्या हीटरपायी त्याने अकरा वर्षांत थर्मोस्टॅट बदलला, पंखा बदलला, शेवटी अख्खा हीटर बदलला. केबिन कोमटच राहिली. मी त्याला चार लोकांत गाढव म्हणत आलो. हे कलम आधी एवढ्यावरच संपत होते आणि पेटी दुसऱ्याला जात होती. ती आता त्याला का जाते, ते पुढे कळेल.

कलम पाच. ट्रक, आणि त्याच्या पाठीवर बसवलेले वेल्डिंग मशीन.

इंजिनातले गरम पाणी हीटरकडे नेणारा पाइप अकरा वर्षांपूर्वी गंजला, तेव्हा मी स्टीलचा नवा पाइप स्वतः जोडून बसवला. मधला जोड असा की बोट फिरवले तरी कळू नये. असा जोड मारताना पाइपात न पेटणारा गॅस भरावा लागतो, नाहीतर जोड आतून जळतो. आणि गॅस निसटू नये म्हणून जोडाच्या दोन्ही अंगांना बोळे कोंबतात. बोळे पाण्यात विरघळणाऱ्या कागदाचे असतात. हे मला शिकाऊ पोरांपेक्षा बरे माहीत आहे.

त्या हिवाळ्यापासून हीटर मंदावला. मुलगा तेव्हा माझ्याच हाताखाली होता. त्याने ट्रकखाली शिरून पाइप चाचपला आणि बाहेर येऊन म्हणाला, “बाबा, जोडाच्या अलीकडे चटका बसतोय आणि पलीकडे कोमट लागतंय. आत काहीतरी अडकलंय. कापून बघू या.”

मी म्हणालो, “माझा जोड तू कापणार? आधी तसा एक मारून दाखव.”

कामावरची सगळी माणसे हसली. मी हसावे म्हणूनच बोललो होतो. मुलाने हातमोजे काढून बोनेटवर ठेवले आणि चालता झाला. आता तो एका इस्पितळात बॉयलर सांभाळतो. तीनशे खाटांना ऊब पुरवतो, असे त्याची आई ऐकवते. आईला फोन करतो. मी उचलला तर “आईला द्या” एवढेच म्हणतो. त्याला मी दगड म्हणत आलो, कृतघ्न म्हणत आलो, बॉयलरचा हमाल म्हणत आलो.

पत्नीने अकरा हिवाळे त्या केबिनमध्ये गुडघ्यांवर घोंगडी घेऊन काढले. एकदाच बोलली, “मी गारठून मेले तर माझ्या फोटोखाली लिहा, जोड मात्र पक्का होता.” तेही मी मनावर घेतले नाही.

मागच्या आठवड्यात हे कलम लिहायला बसलो. मुलाला ट्रक मिळू नये, असे लिहायचे होते, आणि कारण, जोड आतून साफ असल्याच्या पुराव्यासकट, द्यायचे होते. म्हणून जोड मी स्वतःच कापला. फुंकर शेजारी उभा होता. आत माझ्या जुन्या खाकी शर्टाची बाही होती, कफाच्या बटणासकट. त्या दिवशी कागद संपला होता. मी बाही फाडून दोन बोळे केले आणि एकच बाहेर काढला. फुंकरने बाही उचलून माझ्या हातात ठेवली. मला गाढव म्हणाला असता तर बरे वाटले असते.

आयुष्यभर मी लोकांची अक्कल काढली. त्यातले बरेचसे त्या लायकीचे होते आणि भाऊ अजूनही आहे. पण मुलगा नव्हता. त्याने हात लावून नेमके सांगितले होते आणि मी त्याला हाकलला. याची मला लाज वाटते. सबब ट्रक, मशीन आणि वेल्डिंगचे सगळे टॉर्च मुलाला. पाइप कापलेलाच ठेवला आहे. तो जोड त्याने मारावा, मी शेजारी उभा राहीन आणि तोंड उघडणार नाही.

पत्नीने हे वाचले आणि विचारले, “मेल्यावर शेजारी कसे उभे राहणार?”

त्यावर मी मुलाला फोन केला. त्याने सवयीने “आईला द्या” म्हटले. मी म्हणालो, काम तुझ्याशीच आहे, जोड कापला. बाहीचे सांगितले, बटणाचेही सांगितले. मग त्याने विचारले, “कुठल्या बाजूला होतं?”

“पलीकडे. तू हात ठेवला होतास तिथेच.”

“रविवारी येतो. तोवर पाइपला हात लावू नका.”

वकीलबाई म्हणतात, फोनवरचे बोलणे मृत्युपत्रात येत नाही. इथे आले आहे. कलम पाच या जागी कायम करतो आणि त्याखाली सही करतो. पाइपला हात लावलेला नाही.

लिहून देणार: (सही) मुलाचा बाप

साक्षीदार एक: (सही) फुंकर, मेकॅनिक
साक्षीदार दोन: (सही) वकीलबाई, कलम पाचबद्दल नाराजी नोंदवून

स्थळ: घरामागची शेड, ट्रकशेजारी
दिनांक: नऊ डिसेंबर, शुक्रवार