उलट बोलू नये

दि. ४ जून
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

माझी टिकली झोपाळ्यावरून पडली आणि तिचं डावं कोपर मोडलं, हे तुला कळलंच असेल. पण पुढचं ऐक. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं ते उजव्या हाताला! खोलीत सासू-सासरे, हे, नणंद आणि मी, अशी पाच मोठी माणसं उभी. पोर ओरडतेय, हा नाही, दुसरा. मामंजींनी तिलाच दटावलं, मोठ्यांना उलट बोलू नये. आणि मी तिचा तो धडधाकट हात घट्ट धरून ठेवला. दादा, मी धरून ठेवला.

चौथ्या दिवशी डावं कोपर टम्म सुजलं, तेव्हा दुसरीकडे नेलं. नवे डॉक्टर म्हणतात, हात आता पुरता सरळ होणार नाही. आणि पोर डावखुरी. तू वकिलांकडे टायपिंग करतोस म्हणून विचारते, दावा लावावा का? हे म्हणतात, एवढ्या मोठ्या माणसाचं मन दुखावेल.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी बेबी

दि. ११ जून
चि. बेबीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. लाव दावा. तू सोबत पाठवलेल्या त्या डॉक्टरांच्याच एक्स-रेवर डावा हात असं चांगलं ठळक लिहिलंय. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात खरं, पण सगळेच शहाणे निघाले तर आमच्या वकीलसाहेबांनी खायचं काय?

एक सांगतो, रागावू नकोस. समोरचा वकील विचारणारच, की पाच जण बघत होते तर एकही का बोलला नाही. त्याचा विचार करून ठेव. वकीलपत्र सोबत आहे, फुली केलीय तिथे सही कर. भावजींना म्हणावं, डॉक्टरांचं मन दुखलंच तर त्यांच्याकडे कपाटभर औषधं आहेत.

टिकलीला पापा, तुला धीर.
दादा

दि. २० जून
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घरात सभा भरली. सासूबाई म्हणाल्या, उद्या कुणाला ताप आला तर कुणाच्या दारात जायचं? ह्यांनी त्या दवाखान्याची पाटी रंगवलीय, तर म्हणे स्वतः रंगवलेल्या नावावर फिर्याद कशी करू? शेवटी मामंजींनी तोडगा काढला. आधी डॉक्टरांना भेटून परवानगी घ्यायची. दावा लावायची परवानगी! हसावं की रडावं कळेना.

सही केलेली नाही. पेन उचललं की तुझा तो समोरचा वकील आठवतो रे.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
बेबी

दि. २७ जून
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल सगळे गेलो. डॉक्टरांनी चहा मागवला, ह्यांच्या अक्षराचं कौतुक केलं. दाव्याचा विषय काढायचा कुणी, म्हणून मामंजी ह्यांच्याकडे बघतात, हे कपाकडे. तेवढ्यात टिकली स्टुलावरून उतरली आणि डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली. कुणी शिकवलं नव्हतं. म्हणाली, "मी त्या दिवशी उलट बोलले. चुकलं माझं."

डॉक्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, असू दे, पुन्हा असं करायचं नाही. त्यांनी तिला माफ केलं, दादा! मामंजींना गहिवरून आलं, केवढं मोठं मन म्हणून.

मी जिन्यातच पर्समधून वकीलपत्र काढलं आणि भिंतीला टेकवून सही केली. हे बघत राहिले. सोबत पाठवतेय. समोरच्या वकिलानं विचारलं तर सांगेन, आम्ही पाचही जण भित्रे होतो, लिहून घ्या.

तारीख कळव. टिकलीला घेऊन येते.
बेबी