फॅन बेल्टचं मी बघते

२ डिसेंबर, मंगळवार
सकाळी चावी फिरवली की वडिलांचा, म्हणजे नानांचा, ट्रक किंचाळतो. गल्लीतली कुत्री त्याला उत्तर देतात. नाना म्हणाले, "वाहिदले बलाई लेऊ का?" वाहिदचाचा म्हणजे शहाद्याचे मेकॅनिक, वीस वर्षांपासून आमच्या गाडीचे डॉक्टर. मी म्हणाले, नको. घरात बी.एस्सी. फिजिक्स झालेली मुलगी असताना बाहेरचा माणूस कशाला? नाना आईकडे बघून म्हणाले, "शिकेल शे ती. देखू दे तिले." घरातल्या पहिल्या ग्रॅज्युएटवर केवढा हा विश्वास!

रविवारी हेमकांतशेठची पपई दिल्लीला न्यायची आहे. ही खेप वेळेवर पोहोचली तर शेठ पूर्ण सीझन आमचीच गाडी लावणार. म्हणजे हातात पाच दिवस. मला दोन पुरेत. उरलेल्या तीन दिवसांत गावातल्या महिलांसाठी वाहन साक्षरता वर्गाचा आराखडा.

३ डिसेंबर, बुधवार
निदान झालं. फॅन बेल्ट. या पट्ट्यावर पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो फिरतात. पट्टा घसरतो म्हणून ओरडतो. (नाना हे कालच म्हणाले होते, पण त्यांच्याकडे पुरावा नव्हता.)

मोबाइलवर मॅन्युअल वाचलं. बेल्ट अंगठ्याने दाबला की दहा ते पंधरा मिलिमीटर दबावा. कंपासपेटीतली पट्टी लावली. माझ्या अंगठ्याने सहा. नानांच्या अंगठ्याने बावीस. सरासरी चौदा. बेल्ट सैल नाही, सिद्ध झालं.

नाना म्हणाले, "मन्हा आंगठा का खोटं बोली ऱ्हायना?" एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे त्यांना शांतपणे समजावलं. समजलं असावं. उठून गेले.

४ डिसेंबर, गुरुवार, सकाळी
आवाज म्हणजे घर्षण. घर्षणावर उपाय वंगण. हे नववीचं पोरगंही सांगेल. बेल्टवर खोबरेल, दोन झाकणं. आवाज बंद! एकदम बंद!! वर्गाचा पहिला विषय ठरला: 'घर्षण, आपला शत्रू'.

तोच दिवस, दुपारी
डायनामोचा लाल दिवा विझत नाही. पंखा मनाला येईल तेव्हा फिरतो. ट्रायलसाठी सारंगखेड्याच्या रस्त्याला निघालो. पाच किलोमीटरवर टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात. गाडी रस्त्यातच थांबवावी लागली. यात्रेला घोडे घेऊन चाललेल्या गाड्या आमच्या मागे अडकल्या. कोणीतरी ओरडलं, "नाना, घोडा जुपा ना!" लोकांना संशोधनाची किंमत नाही.

घरी आल्यावर आई विचारत होती, "डोकाले लावानं तेल कोनी लिधं?" मी आराखड्यात मग्न होते.

५ डिसेंबर, शुक्रवार
बेल्ट भांड्यांच्या साबणाने तीनदा धुतला. वंगण नको, हेही एक निरीक्षणच. तरी घसरतो. म्हणजे ताणच कमी आहे. (बुधवारची सरासरी बरोबरच होती. परिस्थिती बदलली.)

डायनामोचा बोल्ट ढिला केला, टॉमी, म्हणजे लोखंडी दांडी, अडकवली आणि डायनामो अंगचा जोर लावून मागे ओढला. नाना म्हणाले, "बस कर, माय, आते तुटी जाई." मी आणखी थोडा ओढला. मग बोल्ट कसला. आता माझ्या अंगठ्याने एक मिलिमीटर, नानांच्याही अंगठ्याने एक. पहिल्यांदाच दोन्ही निरीक्षणांत एकमत.

किंचाळणं पूर्ण थांबलं. उद्या आराम.

६ डिसेंबर, शनिवार
किंचाळणं थांबलंय. आता गाडी घुमते. नंतर घुमणं थांबून खरखर. डायनामोचं बेअरिंग गेलं.

नानांनी मला न विचारता वाहिदचाचांना फोन केला. ते आले, बेल्ट काढला, नाकाला लावला. म्हणाले, "मॅडम, इसमें चटनी बनाई थी क्या?" आई तोंडाला पदर लावून आत गेली.

चाचांचं म्हणणं असं: डायनामोचा बोल्ट जरासा सैल झाला होता. मंगळवारी दहा मिनिटांचं काम होतं. आता तेलाने बेल्टही गेला आणि जास्त ताणाने बेअरिंगही. ते बेअरिंग शहाद्यात मिळत नाही, धुळ्याहून येईल. सोमवारी. मी म्हणाले, चाचा, दहा मिनिटांत माणूस काही शिकत नाही. चाचा म्हणाले, "वो तो है." आणि नानांकडे बघितलं. नाना रिकाम्या ट्रककडे बघत होते.

७ डिसेंबर, रविवार
पिकलेली पपई सोमवारची वाट बघत नाही. हेमकांतशेठनी माल गावातल्याच दुसऱ्या ट्रकवाल्या नवनीतच्या गाडीत भरला. यंदा त्यालाच राहू द्या, असंही म्हणाले.

नवनीतला लांबच्या रस्त्याला जोडीचा ड्रायव्हर हवा होता. नाना गेले. स्वतःच्या ट्रकवर बावीस वर्षं, आणि आज दुसऱ्याच्या गाडीत डाव्या बाजूला, डबा मांडीवर धरून. मला एक शब्द बोलले नाहीत. मी चार उत्तरं तयार ठेवली होती.

संध्याकाळी सेंधव्याहून नानांचा फोन. नवनीतच्या गाडीचा बेल्ट खेतियापासून किंचाळतोय, रस्त्याच्या कडेला उभे आहेत. मी लगेच वही-पेन घेतलं. म्हणाले, नाना, नवनीतला फोन द्या, मी सांगते त्याला.

नाना म्हणाले, "रेंज नही शे, माय."

आवाज अगदी स्वच्छ येत होता. मागून नवनीतचा बेल्टसुद्धा.