शेवटच्या टाकीचा पहिला घोट

प्रिय नकटे,

पत्र बघून दचकशील, म्हणून आधीच सांगून टाकते, घरात सगळे धडधाकट आहेत. तुझा बाबा दोन घास खातो, पेपरवाल्याशी भांडतो. माझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं कोण ऐकतंय! फोन केला की तू "आत्या, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देतेस. कागदाला तसं सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आपला बिअरचा कारखाना विकला. महिनाअखेरीला ताबा द्यायचा. घेणाऱ्यांना इमारत नको, टाक्या नकोत, फक्त बाटलीवरचं आपलं नाव हवंय. बिअर ते त्यांच्या मोठ्या कारखान्यात करणार. परवा त्यांचा एक पोरगेला साहेब येऊन म्हणाला, कंपनीचा इतिहास थोडक्यात लिहून द्या, बाटलीच्या मागे छापू. मी म्हटलं, बाबा रे, मग बाटली मोठी घ्यावी लागेल. तो हसला, पण खरंच, काय लिहून देऊ त्याला? तुझे खापरपणजोबा मुळात पिंपं करणारे सुतार होते आणि गिऱ्हाईक पळून गेलं म्हणून रिकाम्या पिंपांत काहीतरी भरायला त्यांनी बिअर केली, हे? की पहिलीच बिअर त्यांच्या बायकोने तोंडातून थुंकली आणि सगळी ओतायला लावली, हे? तेव्हापासून आपल्याकडे रीत पडली. टाकी तयार झाली की पहिला घोट घरच्या माणसाने घ्यायचा आणि एकच शब्द बोलायचा, "चालेल" किंवा "ओता". तुझ्या आजोबांनी तर घरात खायचे वांधे असताना भरलेली टाकी गटारात सोडली होती. गल्लीतली कुत्री दोन दिवस तिरकी चालत होती.

आणि मग तू. नाक नकटं, पण आजोबांवर गेलेलं. सातू भिजत असतानाच तुला कळायचं की यंदाचं धान्य जुनं आहे. त्या सकाळी बाबा "चालेल" म्हणाला आणि तू सगळ्या कामगारांसमोर "ओता" म्हणालीस. राग दोघांच्याही नाकावर, कोण कुणाचं ऐकणार? मी जिवंत असेपर्यंत या घरात एकच नाक चालेल, असं तो बोलून गेला आणि तू बॅग भरलीस. ती टाकी बाजारात गेली आणि सगळीच्या सगळी परत आली. बाबा म्हणाला, वाटेत ऊन लागलं असेल.

तुला माहीत नसलेली गोष्ट आता सांगते. त्या वर्षी, तू बॅग भरायच्या आधी, त्याला तो मोठा ताप आला होता, आठवतं? ताप गेला, पण जाताना त्याचं नाक घेऊन गेला. त्याला वास येत नाही गं. फुलाचा नाही, जळक्या दुधाचाही नाही. पहिल्यांदा लक्षात आलं ते आपल्या टाक्या सांभाळणाऱ्या मिस्त्रीकाकांच्या. मग आम्ही दोघं आधी गुपचूप चव बघायचो आणि घोट घ्यायच्या वेळी त्याच्या समोर उभे राहायचो. चांगली असली की मिस्त्रीकाका हसरे, बिघडली की त्यांचा चेहरा पडलेला. आम्हाला वाटायचं, आपण त्याला सांभाळून घेतोय, त्याला पत्तासुद्धा नाही. पण त्याला सगळं ठाऊक होतं. तो ग्लासाकडे बघतच नव्हता, आमची तोंडं वाचत होता. अशी कितीतरी वर्षं आम्ही ढकलली.

उन्हाळ्यात मिस्त्रीकाका गेले. मी कळवलं होतं, तू पैसे पाठवलेस, त्यांच्या बायकोला दिले. त्यानंतर एका दुपारी मी वर गेले, तर बाबा, तुझी आई गेल्यापासून तसंच ठेवलेलं तिचं कपाट उघडून उभा. तिचा तो राखाडी स्वेटर तोंडाशी धरलेला. मला वाटलं रडतोय, म्हणून मागे फिरणार होते. तर माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाला, "काहीच येत नाही गं." इतकी वर्षं मी बिअरचीच काळजी करत बसले होते. तो त्या कपाटाशी किती वेळा जाऊन आला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खाली येऊन नळ मोठा सोडून रडले. आठवड्याभरात त्याने घेणाऱ्यांना फोन लावला.

आता एक टाकी उरलीय, आपली शेवटची. काल मी तिची चव बघितली. बिघडलीय गं, आंबट झालीय, तुझ्या आजोबांनी क्षणभर ठेवली नसती. मी तोंडावरची सुरकुतीसुद्धा हलू दिली नाही. म्हटलं, शेवटचं "चालेल" तेवढं म्हणू दे त्याला, मग बाजारात नाही पाठवली तरी कुणाला कळतंय. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि ग्लास न उचलता म्हणाला, "इथं सगळ्यांना माझी दया येते. माझ्या पोरीला बोलाव. तिला दया यायची नाही. ती म्हणाली ओता, तर मी माझ्या हाताने ओतीन." एवढं बोलून तो टाकीचं दार पुसत बसला. म्हणून हे पत्र. ताबा द्यायच्या आत ये, नकटे. मी काय सांगितलं ते विसर, स्वतः वास घे आणि खरं असेल तेच बोल. दया तर तुला येईलच, मी ओळखते तुला. तेवढी तोंडावर दिसू देऊ नकोस.

वाट बघत बसलेली,
तुझीच आत्या