वाकळ उपाशी राहू नये

सोमवार, दि. ६ जानेवारी २०२५. सकाळी.

आजपासून रोजनिशी लिहिण्याचा संकल्प केला आहे. सौ. काल दुपारच्या गाडीने पुण्यास गेली. सून आदिती हिची रजा संपत आली असून तान्ह्या नातीला सांभाळण्यास घरचे माणूस हवे, असे चिरंजीव सम्मेद याचे म्हणणे. माझी हरकत नव्हती. हरकत कोणी विचारलीही नव्हती.

निघण्यापूर्वी थोडी बोलाचाली झाली. आमची पांघरण्याची वाकळ, म्हणजे गोधडी, विरून गेली आहे. सौ. म्हणाली, "यंदा नवी शिवायची हुती, राहूनच गेलं बघा." मी म्हणालो, त्यात राहून जाण्यासारखे काय, आठवड्याचे काम आहे. ती म्हणाली, "व्हय? मग शिवा की तुम्हीच. आन सैपाक बी करा." मी म्हणालो, तुझ्यावाचून माझे काडीचेही अडणार नाही. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. त्यावर तिने पिशवी उचलली आणि म्हणाली, "बरं. मग 'ये' म्हणाल तवाच येते."

'ये' हा एकाक्षरी शब्द आहे. तो उच्चारण्याचा प्रसंग येणार नाही.

संकल्प : एक, या आठवड्यात नवी वाकळ पूर्ण करणे. दोन, रोज ताजा, भरपेट स्वयंपाक, आणि तोही आम्हा जैनांच्या रिवाजाप्रमाणे सूर्यास्तापूर्वी. तीन, फोनवर तक्रार न करणे.

माझे शिक्षण चौथी. परंतु जुनी चौथी. शुद्धलेखनात मी वर्गात पहिला होतो. पुढे येथे कोल्हापुरातच महाद्वार रोडवरील कापडाच्या दुकानात जन्मभर कापड मोजले व फाडले. ज्यास फाडता येते त्यास शिवता येतेच.

सायंकाळी. ट्रंकेतील जुनी लुगडी काढून सतरंजीवर थरांनी अंथरली. दोघांना पुरेल अशी, ऐसपैस वाकळ धरली आहे. भोजनास चकोल्या, म्हणजे वरणफळे, केल्या. डाळीचे प्रमाण आठवणीने घेतले. आठवण घरात सहा माणसे होती तेव्हाची निघाली. पातेले काठोकाठ. चव फर्स्ट क्लास, किंचित खाली लागली.

सौ.चा फोन आला. "जेवलासा का?" जेवलो, म्हणालो. "काय केलंसा?" सांगितले. "लागलं न्हाई न्हवं खाली?" ही बाई पुण्यात बसून वास कसा घेते, कळत नाही. तिची 'हाय-न्हाई' मी लग्नापासून सुधारतो आहे. प्रोग्रेस शून्य.

मंगळवार, दि. ७ जानेवारी.

दिवसभर टाके घातले. धावदोरा सरळ व एकसारखा. दाभण तीन वेळा बोटात गेले. ते दाभणाच्या निकृष्ट दर्जामुळे.

दुपारी चकोल्या. कालच्या.

एक नियम येथे लिहून ठेवतो. आमच्या घरी वाकळेचे शेवटचे तोंड शिवताना आत भाकरीचा तुकडा ठेवतात. वाकळ उपाशी राहू नये, म्हणून. ज्या घरात उपाशी वाकळ असते तेथे पांघरणाऱ्याची थंडी जात नाही, असे सौ. म्हणते. माझा विश्वास नाही. परंतु नियम म्हणजे नियम. भाकरी घरच्याच चुलीची हवी, उसनी चालत नाही, हाही तिचाच पोटनियम.

म्हणून भाकरीचा सराव आरंभिला. शाळूचे पीठ, कढत पाणी, सर्व यथासांग. पहिली भाकरी परातीतून उचलताना दोन झाल्या. दुसरी तव्यावर गेली, पण फुगली नाही, वाळली. तिसरीचे वर्णन करत नाही.

शेजारच्या धोंडुबाई पीठ चाळण्याची चाळणी परत द्यायला आल्या. तव्याकडे पाहून म्हणाल्या, "आण्णा, भाकरी थापलासा का गोवऱ्या?" मी त्यांना सांगितले की, हा प्रयोग आहे. "व्हय व्हय," म्हणाल्या, "वाळू घाला, शेकोटीला हुतील." अशिक्षित बाई आहे, मनावर घेतले नाही.

सायंकाळी फोन. सौ. म्हणाली, बाळी रात्रभर रडते, कंबर धरली आहे. मला बोलायचे नव्हते, परंतु तोंड उघडले गेले आणि "ये" पर्यंत शब्द आला. तो मी तत्काळ पूर्ण केला : "येथे थंडी फार आहे."

ती म्हणाली, "मग पांघरून झोपा."

बुधवार, दि. ८ जानेवारी.

एक तांत्रिक बाब. काल शिवलेली वाकळ उचलू गेलो तर सतरंजीही उचलली गेली. टाके तिच्यातूनही गेले आहेत. शिलाई किती मजबूत झाली याचा हा पुरावाच. कडेकडेने कातरून मोकळी करावी लागली. आता वाकळ एका माणसापुरती राहिली आहे. विचार करता हेच योग्य. सध्या पांघरणारा एकच आहे.

सतरंजी सौ.च्या माहेरची होती. तिला भोक पडले आहे. त्यावर स्टूल ठेवले.

घेवड्याची आमटी केली. चकोल्या संपल्या नसताना केली, ही योजनेतील त्रुटी. प्रमाण पुन्हा सहा माणसांचे आले. हात ऐकत नाही.

भाकरी आज चौथ्या प्रयत्नातही फुगली नाही. तेवढ्यात धोंडुबाईंनी ताटलीत स्वतःची एक भाकरी झाकून आणली. "खावा गरम. तोंड बघा कसं झालंय, सुकल्या वांग्यागत." भाकरी गोल, टम्म, वर शेंगदाण्याच्या चटणीची चिमूट. मी नको म्हणालो. त्या ठेवून गेल्या.

याच सुमारास सौ.चा व्हिडिओ कॉल आला. सम्मेदने हा मोबाईल मला दिला आहे. त्यात समोरच्याला सर्व दिसते, हे मी विसरलो होतो. ताटली दिसली. सौ. म्हणाली, "आगं बया! ही तुम्ही केलासा?"

मी होय म्हणालो नाही. नाही असेही म्हणालो नाही. मी म्हणालो, "जमते हळूहळू." हे वाक्य असत्य नाही, काय जमते, ते त्यात नाही.

सौ.ने फोन डोळ्यांजवळ धरून भाकरी पुन्हा पाहिली. कौतुकाने असावे. मग म्हणाली, "बरं झालं बाई. माझी काळजी मिटली."

भाकरी खाल्ली. चांगली होती.

गुरुवार, दि. ९ जानेवारी.

आमटी. पुन्हा आमटी. आंबटपणा आता आपोआप येत आहे.

इस्त्रीशिवाय शिवण बसत नाही, हे दुकानातील तत्त्व. म्हणून वाकळेवर इस्त्री फिरवत होतो. फोन वाजला. तातडीने आतल्या खोलीत गेलो. फोन सौ.चा नव्हता; एक मुलगी मला कर्ज हवे का विचारत होती. तिला 'तुम्हाला' आणि 'तुमाला' यांतील भेद समजावून दिला. तिने मध्येच फोन ठेवला. परत आलो तेव्हा वाकळेच्या मधोमध इस्त्रीच्या आकाराचे भोक पडले होते, अगदी नीट.

जळका भाग काढला. राहिलेला तुकडा तान्ह्या मुलास पुरेल. मूळ उद्देश नातीसाठीच होता, तो दुय्यम गोष्टींत बाजूला पडला होता.

सायंकाळी सौ.चा फोन आला नाही. बाळी रडत असेल.

जुनी वाकळ पांघरली. ती इतकी विरली आहे की पलीकडचे दिसते. पलीकडे काही नाही.

शुक्रवार, दि. १० जानेवारी.

फोन मी केला. हालहवाल विचारण्यास, अन्य हेतू नव्हता. सौ.ने उचलला, मागे बाळीचे रडणे, कुकरची शिट्टी, सुनेचे हसणे. भरलेल्या घराचा आवाज कसा असतो तो तसा होता. ती म्हणाली, "काय म्हणताय?"

मी म्हणालो, "ये..."

ती म्हणाली, "काय?"

मी म्हणालो, "येरवाळी उठत जा. प्रकृतीस चांगले."

ती म्हणाली, "येरवाळीच उठती की. तुमच्या घरात आल्यापासनं येरवाळीच उठती."

'येरवाळी' हा ग्राम्य शब्द माझ्या तोंडून गेला. 'पहाटे' म्हणावयास हवे होते. याचा दिवसभर खेद वाटला. इतर कशाचा नाही.

तान्ह्या मुलाच्या वाकळेचा एक काठ वाकडा आल्याने उसवला. मग दुसरा. मग जे उरले ते चौरंगावर घालण्यास योग्य आहे. चौरंगास वाकळ असावी, असे मला पूर्वीपासून वाटत होते.

आज कोबीची भाजी केली. एकट्यापुरतीच करायची, असा निर्धार होता. कोबी एक आणला. एका कोबीची भाजी किती होते, हे मी कधी पाहिले नव्हते.

शनिवार, दि. ११ जानेवारी.

निर्णय घेतला. उद्या फोनवर तो शब्द उच्चारायचा. शरणागती म्हणून नव्हे. संक्रांत जवळ आली असून तिळगुळाचे काम पुरुषाने करणे शोभत नाही, हे कारण आहे. कारण सबळ आहे.

शब्द लहान असला तरी उच्चार सुस्पष्ट व्हावा म्हणून स्वयंपाकघरात उभे राहून सराव केला. प्रथम हळू. मग मध्यम. नंतर खणखणीत म्हणालो, "ये!"

मागचे दार उघडून धोंडुबाई आत आल्या. हाताला पीठ तसेच. "काय झालं, आण्णा? मला बलीवलंसा व्हय?"

मी म्हणालो, नाही, मांजराला बोलावत होतो.

त्यांनी इकडे तिकडे पाहिले. "कुठाय मांजर?"

"गेले आहे," मी म्हणालो.

भिंतीवर सौ.ची रोजची साडी वाळत घातली होती तशीच आहे. ती काढायची राहून गेली आहे. तिच्याकडे त्यांनी पाहिले. मग म्हणाल्या, "मांजर असं वरडून येत न्हाई, आण्णा. वाटीत दूध घालून दारात ठेवायचं. आन गप बसायचं. भुकेला येतंय ते."

मांजरांविषयी त्यांना बरीच माहिती असावी.

जाताना पदराने हात पुसत म्हणाल्या, "आन पीठ सैल मळतायसा. गच्च मळा. तळहातानं रगडा, वैर धरल्यागत."

रविवार, दि. १२ जानेवारी. सकाळी.

पीठ वैर धरल्यागत मळले. पाणी फिरवले, पालथी घातली, विस्तवावर उभी धरली. भाकरी फुगली. पूर्ण फुगली. एका बाजूने वाफ सुटून माझा अंगठा भाजला तरी मी हात काढला नाही.

हातात धरून काही वेळ उभा राहिलो. दाखवण्यास धोंडुबाईंकडे गेलो. त्यांच्या दाराला कुलूप होते. नृसिंहवाडीला गेल्या असतील.

आज माझ्याजवळ घरची, स्वतःची, खरी भाकरी आहे. आता शब्द उच्चारण्यास हरकत नाही. फोन करतो.

दुपारी.

फोन सम्मेदने उचलला. आव्वा बाळीला न्हाऊ घालते आहे, म्हणाला. मी म्हणालो, मला तिच्याशी महत्त्वाचे बोलायचे आहे. तो हसला. "आण्णा, तुम्ही कमाल केलीत हं. आव्वाचं आजचं तिकीट होतं. भोगीला घरात पाहिजे म्हणून इकडे यायच्या आधीच काढून ठेवलं होतं, तुम्हाला सांगू नको म्हणाली. पण बुधवारी तुमची ती भाकरी बघितली ना व्हिडिओवर... म्हणाली, 'एवढी गोल भाकरी मला बी येत न्हाई. त्यांचं काय अडत न्हाई माझ्यावाचून.' तिकीट कॅन्सल केलं. आता शिमग्यापर्यंत राहते म्हणालीय. आदितीला फार बरं वाटलं."

मी म्हणालो, उत्तम निर्णय.

"निरोप काय सांगू आव्वाला?"

मी म्हणालो, "सांग तिला, ये..."

"ये?"

"येथे सर्व क्षेम आहे."

"एवढंच?"

"एवढेच."

सायंकाळी. सूर्यास्तापूर्वी.

भोजन झाले. कोबी.

वाकळ आज पूर्ण केली. काठ पुन्हा जुळवताना आणखी थोडी लहान झाली. तळहाताएवढी म्हणता येईल. तोंड शिवण्यापूर्वी सकाळच्या भाकरीचा तुकडा आत ठेवला. नियमाप्रमाणे घरच्याच चुलीची आहे. टाके एकसारखे आले. आठवड्यात वाकळ पूर्ण करण्याचा संकल्प सिद्धीस गेला, ही नोंद व्हावी.

गरम भांडे उतरवण्यास उत्तम आहे. या वाकळेनेच धरून दुधाचे पातेले खाली घेतले. दूध अर्धा लिटर रोज येते. बंद करण्यास सांगायचे राहिले.

उद्यापासूनचे संकल्प : एक, सतरंजी रफू करणे. दोन, एका माणसाचे प्रमाण शिकणे. तीन, वाळत घातलेली साडी काढणे. तिसरा संकल्प तूर्त रद्द. साडी अजून दमट वाटते.

दूध वाटीत ओतून पुढच्या दाराशी ठेवले. आणि गप्प बसलो आहे.

आमच्याकडे मांजर नाही, हे अचूकतेसाठी नमूद करतो.