क्वान्सामामांचं अर्धं हसू

कोफोरिदुआ, मंगळवार

आदरणीय दादांना धाकट्या ओसेइचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा करतो. माझी तब्येत ठणठणीत आहे. (घरात मात्र ती कुणी विचारत नाही.)

आपल्या सेरवाला मागणी घालायला आलेली मंडळी तशीच परत गेली, हे तिच्या आईने, म्हणजे आपल्या बहिणीने, अफियाने, तुम्हाला तिखटमीठ लावून कळवलंच असेल. खरी हकीकत अशी. शुक्रवारी मी ती गुप्तहेराची मालिका पाहिली, जिच्यात इन्स्पेक्टर डेडे नावाची बाई माणसांच्या मनात शिरून खुनी पकडते. (तुम्हाला कुस्तीशिवाय काही आवडत नाही, असो.) या खेपेला एका घरात ऐन लग्नाच्या बोलणीत खून झालेला, घरचे सगळे एकमेकांच्या जिवावर उठलेले. बाई नुसती बघत बसते. म्हणते, मनात पाप असलेला माणूस यजमानाच्या घरचं पाणी पीत नाही, आणि हसला तर अर्ध्याच तोंडाने हसतो. मी ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं.

शनिवारी दुपारी मुलाकडची, म्हणजे फिफीकडची, मंडळी केप कोस्टहून 'दार ठोठावायला', म्हणजे रीतसर मागणी घालायला आली. मागणीच्या दारूच्या दोन बाटल्या आणल्या, बसली. रीतीप्रमाणे आधी पाणी दिलं. सगळे घटाघट प्याले, पण मुलाचे मामा क्वान्सा यांनी पेला ओठाला लावून तस्साच खाली ठेवला. मी आग्रह केला, तर त्यांनी मान हलवली आणि हसले. दादा, अर्ध्याच तोंडाने.

आपल्या बाजूने बोलणारा मी, तेव्हा येण्याचं कारण मी विचारायचं. त्याऐवजी मी क्वान्सांना विचारलं, लहानपणी आईशी पटायचं का? ते काहीतरी पुटपुटले. (संशय बळावला.) मग झोप लागते का, घरात जमिनीवरून भांडणं आहेत का, अलीकडे कुणी अचानक वारलं का, असं पाऊण तास चाललं. कारण विचारल्याशिवाय पाहुण्यांनी विषय काढायचा नसतो, त्यामुळे बिचारे मुकाट बसून होते. अफिया दारातून डोळे वटारत होती. शेवटी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "या माणसाने काहीतरी लपवलंय."

"दाढ," फिफीची आत्या म्हणाली. "येताना अक्राला उतरून काढली. अर्धा जबडा बधिर आहे, डॉक्टरांनी चूळसुद्धा भरू नका म्हणून बजावलंय. तरी भाच्यासाठी आला हो माणूस."

त्यांनी बाटल्या उचलल्या आणि ते निघून गेले. सेरवा बाहेर आली. "मामा, खुनी तर सापडला. आता खून कुणाचा झाला तेवढं शोधा," एवढं बोलली ती बोललीच. तेव्हापासून जेवायला फुफूचा गोळा माझ्यापुढे आणून ठेवते, पण अक्षर बोलत नाही. पोरीचं लग्न मी मोडलंय, दादा. मला जेवण जात नाही.

तुमचा,
ओसेइ

ता. क. रविवारी या. कुटुंबाचे कर्ते म्हणून तुम्ही सोबत आलात तर क्वान्सा मला दारात उभं करतील. माफी मीच मागेन, तुम्ही फक्त शेजारी बसा.

आणखी एक, हे अफियाला सांगू नका. शुक्रवारी शेवटच्या दहा मिनिटांना वीज गेली होती. काल शेजाऱ्याने सांगितलं, पाणी न पिणारा निर्दोष सुटला. खुनी निघाला मुलीचा मामा. पोर त्याने लहानाची मोठी केलेली, ती गेली की घर खायला उठेल, म्हणून त्याला ते लग्नच नको होतं. ऐकून मी ते कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं. मंडळी पुन्हा आली, तर बाटली स्वीकारायची का, असं मुलीला तीनदा विचारावं लागतं. ते तुम्हीच विचारा. दोनदा मी कसंबसं विचारीन, तिसऱ्यांदा माझ्याच्याने व्हायचं नाही.